महादेवीताईंना कन्नड येत नाही

तुम्ही हसाल, पण माझ्या झोपेचा प्रश्न होता. आमच्या हॉस्पिटलच्या रिसेप्शनच्या ड्युट्या लावायला मी डेटा अ‍ॅनालिसिसचं सॉफ्टवेअर घेतलं. अक्कलकोटकडचे कन्नड बोलणारे पेशंट कधीही येतात, म्हणून अट घातली की रात्रपाळीला एक तरी कन्नड येणारा हवा. सगळ्यांना ती अट नीट समजावली, मग कोणाला कन्नड येतं ते विचारून भरलं. बटण दाबलं, तर महिन्याच्या सगळ्या रात्री माझ्याच नावावर. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. कन्नड येतं असं मी एकट्यानंच सांगितलं होतं.

संध्याकाळी तक्ता लावायचा होता. मी तडक काउंटरवरच्या महादेवीताईंना गाठलं.

"ताई, तुमचं माहेर अक्कलकोटचं की. आणि कन्नड येत नाही?"

"न्हाई ओ. लहानपणी यायचं थोडं, आता पार विसरले बघा."

"एक शब्दसुद्धा नाही?"

"देवाशप्पथ न्हाई."

तेवढ्यात त्यांच्या आईचा फोन आला. माझ्याकडे बघतच त्यांनी तो उचलला आणि अस्सल कन्नडमध्ये आईला दटावलं, "मी ड्युटीवर असताना माझ्याशी मराठीतच बोलायचं."