निरोप्याचा राजीनामा

मास्तर : ते काही मला सांगू नका. आधी आमच्या नातीचं नाव काढा इथून.

ताई : काढू हो मास्तर, पण बसा तरी आधी.

मास्तर : कशावर बसू? ही काय स्टुलं आहेत की विटा?

ताई : मुलांच्या मापाची आहेत. ते निळं तेवढं नको, त्याला डिंक... बसलात पण.

मास्तर : बसलो. आता उठवणार कोण मला, ते नंतर बघू. ऐका. अख्ख्या गावाला गाडी शिकवली मी. समोरचे डॉक्टर, त्यांना क्लच कुठला आणि ब्रेक कुठला कळायचं नाही, त्यांना शिकवलं. वकिलांना शिकवलं, वकिलांच्या बायकोला शिकवलं, तेही दोघांना एका गाडीत. माझ्यापुढे कुणाची मान वर करायची टाप नव्हती. आणि परवा माझी सख्खी नात, एवढीशी भिंगरी, मला म्हणते, ‘आजोबा, मी राजीनामा दिलाय.’

ताई : कशाचा?

मास्तर : मलाच विचारा! तुमच्याकडूनच शिकून आलीये. मला वाटत होतं, शाळा सुटल्यावर मुलं इथे येतात, गोष्टी ऐकतात, कागद कापतात, अभ्यास करतात.

ताई : करतात की. शिवाय मनात काय चाललंय ते ओळखायचं, नीट शब्दांत सांगायचं, हेही आम्ही...

मास्तर : तेच! तेच बंद करा. त्यापायी घराची पार दैना झालीय.

ताई : शब्दांत सांगितल्यामुळे?

मास्तर : आता तुमच्यापासून काय लपवायचं. माझं आणि तिच्या बापाचं बोलणं नाही. त्यानं माझ्या स्कूटरची किल्ली काढून घेतली, तेव्हापासून नाही. पण म्हणून काही अडलं होतं का? मला काही सांगायचं असलं की मी भिंगरीला म्हणायचो, सांग तुझ्या बापाला. त्याला काही सांगायचं असलं की तो म्हणायचा, सांग तुझ्या आजोबांना. घरात एक वाकडा शब्द नाही.

ताई : सरळ तरी कुठे होता?

मास्तर : मध्ये बोलू नका. परवा मी अंघोळीला गेलो, टॉवेल बाहेर राहिला. मी आतून ओरडलो, भिंगरे, सांग तुझ्या बापाला, टॉवेल दे म्हणावं. तर ही दाराबाहेरून काय म्हणते? ‘आजोबा, हे वाक्य तुमचं आहे. तुम्हीच सांगा.’

ताई : अगं बाई.

मास्तर : हसू नका.

ताई : नाही हसत. मग?

मास्तर : मग काय! तो बाहेर बसलेला. त्याला ऐकू येतंय की मला टॉवेल हवाय. मला माहितीये की त्याला ऐकू येतंय. पण निरोप आला नाही म्हणून तो उठेना, आणि मी मागेना. शेवटी अंगावरच वाळलो.

ताई : तिची आई नव्हती घरी?

मास्तर : सूनबाईंनी पहिल्याच दिवशी हात वर केले. दवाखान्यात नर्स आहे ती. म्हणाली, दिवसभर डॉक्टरांचं पेशंटला आणि पेशंटचं डॉक्टरांना सांगून घसा बसतो, घरी मला तेच काम नको. त्यामुळे सगळा भार भिंगरीवर. आणि काल तर हद्द झाली. भाजीत मीठ मी घातलं, त्यानंही घातलं. दोघंही मुकाट्यानं जेवलो. कोण आधी पाणी मागतो याची वाट बघत.

ताई : भिंगरीनं काय केलं?

मास्तर : ती वरण... नाही, ती नुसतं दूध पिऊन झोपली. जाताना म्हणाली, ‘तुम्ही दोघं ठरवा, मला वाईट वाटत नाहीये, मला भूक लागलीये, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.’ हे तुम्ही शिकवता?

ताई : हो, हे मात्र आम्हीच शिकवतो.

मास्तर : मग काढा नाव.

ताई : काढलं असतं मास्तर. पण आमचा एक नियम आहे. ज्यांनी मुलीला इथे घातलं, त्यांनीच येऊन सांगावं लागतं. तिला तिच्या बाबांनी घातलंय.

मास्तर : मग विचारा त्याला.

ताई : मी कशी विचारू? तुमचं म्हणणं आहे, तुम्ही विचारा.

मास्तर : अहो, त्याच्याशी बोलता आलं असतं तर इथे कशाला आलो असतो?

ताई : तेच म्हणते मी.

मास्तर : तुम्ही सरळ दिसता, पण आहात पक्क्या.

ताई : मास्तर, एक सांगू? ही मुलगी पहिल्यांदा आली तेव्हा महिनाभर माझ्याशी बोलली नाही. हजेरीलासुद्धा नुसती मान हलवायची. आता मोठ्यानं वाचून दाखवते. दाराशी नवं मूल रडत उभं असलं की हात धरून आत आणते. तिला आत्ता काढलंत, तर ती पुन्हा मान हलवायला लागेल.

मास्तर : मला कळत नाही का ते? पण आधी बोलत नव्हती तेव्हा... तेव्हा निदान ऐकायची.

भिंगरी : ताई, मागच्या खोलीतला रंग सांडला. पण मी नाही सांडला, मी फक्त तिथे होते. आजोबा! तुम्ही निळ्यावर बसलात?

मास्तर : हो. का?

भिंगरी : काही नाही. तुम्ही आज इथेच राहाल. चिमटा लावलात का?

मास्तर : कसला चिमटा?

भिंगरी : तो दोरीवर. आल्या आल्या आपला चिमटा आपल्याला वाटतंय त्या चेहऱ्याखाली लावायचा. हा आनंद, ही भीती, हा कंटाळा, हा राग.

मास्तर : ‘मला काही झालेलं नाही’ असा चेहरा कुठाय?

भिंगरी : तोच. राग.

ताई : भिंगरी, आजोबा मोठे आहेत, त्यांना जबरदस्ती नाही.

भिंगरी : मोठे आहेत म्हणून तर मोठा चिमटा दिला.

मास्तर : आणि हा इथे कसा आला?

ताई : कोण?

मास्तर : हा भोंगा. टेबलावरचा.

ताई : तो आमचा बोलायचा भोंगा. कुणाला काही अवघड सांगायचं असलं की तो भोंगा घ्यायचा, एकदा वाजवायचा. मग त्याचं बोलून होईपर्यंत बाकी सगळे गप्प. मुलांना फार आवडतो.

मास्तर : अहो, हा माझ्या शिकवणीच्या गाडीचा आहे! रबर बदललंय, पण पितळ माझंच. हा इथे पोचा, मीच पाडलेला. शिकणारा माणूस घाबरला की हॉर्न द्यायचाच विसरतो, म्हणून माझ्या बाजूला हा वेगळा बसवला होता. गाडी भंगारात गेली तेव्हा मला वाटलं हाही गेला. कुणी दिला तुम्हाला?

ताई : भिंगरीच्या बाबांनी. म्हणाले, गॅरेजमध्ये इतकी वर्षं फडक्यात गुंडाळून ठेवलाय. तिथे कुणी वाजवत नाही, इथे वाजेल तरी.

मास्तर : फडक्यात?

भिंगरी : पिवळ्या. आजोबा, बाबा आले. दारात चपला काढतायत.

मास्तर : उठव मला. भिंगरे, उठव! नाही, ओढू नको, पँट फाटेल.

बाबा : ताई, आज जरा उशीर झाला, एका गाडीचं इंजिन... हे इथे काय करतायत?

मास्तर : ताई, त्याला सांगा, मी बसायला आलोय.

ताई : ते म्हणतायत, बसायला आलेत.

बाबा : ताई, त्यांना म्हणावं, घरी खुर्च्या आहेत.

ताई : मास्तर, घरी खुर्च्या आहेत म्हणे.

मास्तर : त्याला सांगा, घरी खुर्च्या आहेत, पण मान नाही.

ताई : ते म्हणतायत की घरी त्यांना...

भिंगरी : पों!

ताई : काय गं? दचकले ना मी!

भिंगरी : ताई, तुम्ही निरोप पोचवताय.

ताई : मी? नाही गं, मी आपलं... अरे देवा. खरंच की.

भिंगरी : असंच होतं. पहिल्यांदा कळतच नाही. भोंगा माझ्याकडे आहे, आता सगळे गप्प. बाबा, तुम्ही पण खाली बसा. लाल स्टुलावर. त्याला डिंक नाही.

बाबा : भिंगरी, मला गॅरेज बंद करायचंय...

भिंगरी : पों! आजोबा म्हणायचे, ‘त्या गाढवाला सांग, दिवा चालू राहिलाय.’ मी बाबांना सांगायचे, ‘आजोबा विचारतायत, दिवा बंद करू का.’ बाबा म्हणायचे, ‘त्यांना सांग, डोळे आहेत ना, मग स्वतः बघा.’ मी आजोबांना सांगायचे, ‘बाबा म्हणाले, बरं.’ प्रत्येक वेळी आतल्या आत बदलायला लागायचं. आणि कुणाचं कुणाला काय सांगितलं ते लक्षात ठेवायला लागायचं. पाढेसुद्धा माझ्या एवढे लक्षात नाहीत.

बाबा : तू बदलून सांगत होतीस?

मास्तर : म्हणजे तो ‘बरं’ कधी म्हणालाच नाही?

भिंगरी : कोणीच कधी ‘बरं’ म्हणालं नाही. सगळी ‘बरं’ माझीच आहेत. आणि माझ्या पोटात दुखायचं. डबा खाऊन नाही, मधे उभं राहून. म्हणून मी राजीनामा दिला. झालं माझं. आता भोंगा कोणाला?

ताई : बाबांना दे.

बाबा : मला काही बोलायचं नाही.

भिंगरी : मग नुसता धरा. कधीकधी धरल्यावर येतं.

बाबा : ...मला एवढंच म्हणायचंय की या अण्णांनी सगळ्या गल्लीला सांगितलं, ब्रेक लागला नाही म्हणून स्कूटर शेजारच्या काकूंच्या फाटकावर गेली. आणि ब्रेक बसवला होता मी. माझ्या हातानं. आता गिऱ्हाईकं मला विचारतात, ‘मेकॅनिक, ब्रेक लागेल ना?’

मास्तर : मग काय सांगायचं होतं मी? मास्तरला फाटक दिसलं नाही, असं?

भिंगरी : आजोबा, भोंगा बाबांकडे आहे.

बाबा : राहू दे. अण्णा, त्या रात्री मी तो ब्रेक सगळा खोलला. पुन्हा जोडला, पुन्हा खोलला. वायर बघितली, लायनर बघितले. कुठेतरी काहीतरी सापडावं म्हणून.

मास्तर : माझं खोटं पकडायला.

बाबा : नाही. चूक माझीच निघावी म्हणून. ब्रेक माझा निघाला असता तर दुरुस्त करून दिला असता. तुमचं जे आहे ते माझ्या पान्यानं सुटणारं नाही. म्हणून किल्ली काढून घेतली. काय बोलावं, ते मला सुचलंच नाही. आणि शिकवणीच्या गाडीत तुम्हीच म्हणायचात ना, ब्रेक दोन असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, एक मास्तरच्या. पुढच्याला दिसलं नाही तर आपण दाबायचा. आणि तो चिडला तरी मनाला लावून घ्यायचं नाही.

ताई : मास्तर, भोंगा घेता?

(मास्तर भोंगा हातात घेतात. त्याचा पोचा अंगठ्यानं चाचपतात. वाजवत नाहीत.)

भिंगरी : आधी वाजवायचा असतो.

मास्तर : वाजवतो गं. घाई करू नको. शिकवणीत घाई चालत नाही... पों.

भिंगरी : हळू वाजला. चालेल.

मास्तर : हे पिवळं फडकं म्हणजे काच पुसायचं ना रे? आपल्या गाडीचं?

बाबा : हो.

मास्तर : मऊ होतं ते. झालं माझं.

भिंगरी : एवढंच? अवघड सांगायचं असतं आजोबा!

मास्तर : माझ्यासाठी हे घाटात मागे गाडी घेण्याएवढं अवघड होतं. धर तुझा भोंगा.

ताई : मग मास्तर, भिंगरीचं नाव? ठेवायचं की...

बाबा : नाव? नाव कशाला काढायचं?

मास्तर : ताई, त्याला सांगा...

भिंगरी : आजोबा.

मास्तर : बरं, बरं. अरे, ऐक. नाव काढायला आलो होतो मी. नाही काढायचं.

बाबा : बरं.

भिंगरी : ताई, ऐकलंत? बाबा खरंच ‘बरं’ म्हणाले! मी काही बदललं नाही!

ताई : ऐकलं. आता तुझा चिमटा कुठे लावणार?

भिंगरी : भुकेचा चेहरा नाही ना तुमच्याकडे. उद्या मी काढून आणते. चला बाबा, आज भाजीत मीठ कोण घालणार ते रस्त्यातच ठरवा.

बाबा : तू घाल.

भिंगरी : मी अजिबात मधे पडणार नाही.

मास्तर : मी घालीन. तू चव बघ रे. पण आधी मला या स्टुलावरून सोडव.

बाबा : हां, हात द्या. ताई, पँट थोडी तुमच्याकडेच राहतेय.

ताई : राहू दे. निळं स्टूल आता मास्तरांचंच.

मास्तर : फाटली तर फाटली. भिंगरे, पुढे पळू नको. दिवे लागले की नाही बाहेर?

भिंगरी : लागलेत आजोबा. चपला इथे आहेत, दोन्ही.

बाबा : अण्णा, पुढे पायरी आहे.

मास्तर : दिसतेय मला.

बाबा : बरं.

मास्तर : ...नाही दिसत. हात दे.