दुसरी ट्रान्सफर केस

लेथवाल्याच्या दुकानात पंपाचा दांडा घेऊन मी रांगेत उभी होते. पुढची बाई आपल्या नवऱ्याला चारचौघांत धारेवर धरत होती. मला ते मुळीच आवडलं नाही.

“तीन महिने ट्रक अंगणात जॅकवर चढवून ठेवलाय. चारही चाकांना जोर द्यायला एक ट्रान्सफर केस होती ना? ह्यांना जोडीला दुसरी हवी.”

“दोन असल्या की गाडी उतारावर मुंगीच्या पावलानं उतरते.”

“आणि तिथून चाकांकडे जोर नेणारा हा शाफ्ट लांब झाला, तो?”

“चाकं अधांतरी लोंबत असताना माप घेतलं. चुकलं.”

“मी तेव्हाच म्हटलं होतं, आधी गाडी खाली टेकवा.”

“म्हटलं होतंस खरं.”

“एवढा कुठला उतार उतरायचाय तुम्हाला?”

“तुझ्या आईच्या घराकडचा. कंबरेचं ऑपरेशन झाल्यापासून धक्क्यांच्या भीतीनं तू गेली नाहीस.”

“मग बोलला का नाहीत?”

“जमेल की नाही, तेच ठाऊक नव्हतं.”

बाई शाफ्टवरचं ग्रीस आपल्या रुमालानं पुसत राहिली.

मी म्हटलं, “बाई, शाफ्ट कापायच्या आधी घरी जाऊन पुन्हा माप घ्या, आणि तेव्हा तुम्ही गाडीत बसा, म्हणजे तुमच्या वजनासकट माप बरोबर येईल. आईच्या दारात उतरेपर्यंत ह्यांना एक शब्द बोलायचा नाही.”