नाव पुसलं, रूप उरलं

मंडळी, एक प्रश्न विचारतो. उत्तर मनातल्या मनात द्या, शेजाऱ्याला विचारू नका. जे पुसलं, ते गेलं का?

पाटीवरचं अक्षर पुसलं – गेलं. अंगणातली रांगोळी पुसली – गेली. आणि कुणाच्या कानात सांगितलेलं दुःख? ते पुसता येतं का? हां! इथं माना हलायच्या थांबल्या. पूर्वरंगात नाम आणि रूप यांवर तासभर बोललो, तेव्हा त्या खांबाला टेकलेले दोघं छान डुलक्या घेत होते. मी बघत होतो बरं का! आता त्यांनी डोळे उघडावेत. कारण आता आख्यान आहे, आणि आख्यानात राजा नाही, राक्षस नाही. एक जुना कॉम्प्युटर आहे.

हसा, आत्ताच हसून घ्या. पुढं हसण्यासारखं काही नाही.

एक तालुक्याचं गाव. कोर्टाच्या आवारात टाइप करून देणारी माणसं बसतात ना, त्यांतले एक दिगंबरनाना सावळे. वकील सांगणार, पक्षकार रडणार, नाना टाइप करणार. भावाभावांची भांडणं, नवराबायकोची भांडणं, सगळं त्या बोटांखालून गेलेलं! पण तोंडातून एक शब्द बाहेर आला नाही कधी. बायको विचारायची, "आज कोण आलं होतं?" नाना म्हणायचे, "माणसं आली होती." झालं, संपलं! आपल्याला जमेल का हे? आपल्या पोटात तर चहासुद्धा राहत नाही.

अशा या नानांकडं एक मुलगी आली, उज्ज्वला. सासर सोडून आईकडं परत आलेली. वकिलांनी सांगितलं होतं, "काय काय झालं ते सगळं लिहून आण, काही लपवू नकोस." ती नानांच्या समोर बसली आणि बोलेना. नाना म्हणाले, "पोरी, माझ्याकडं बघू नको. त्या भिंतीकडं बघ आणि सांग."

मग ती भिंतीला सांगत गेली. नवरा मारायचा. तेवढं आईला माहीत होतं. पण नवरा बाहेरगावी गेला की सासरा खोलीत यायचा, आणि सासू बाहेरून दार ओढून घ्यायची – हे आईला माहीत नव्हतं. जगात कुणालाच माहीत नव्हतं. नानांची बोटं थांबली हो. डोळे पुसले, आणि पुन्हा टाइप करायला लागले.

पुढं काय झालं, तर समजुतीनं काडीमोड झाला. तो अर्ज कोर्टात द्यावाच लागला नाही. छापलेला कागद तिनं चुलीत घातला आणि नानांकडं आली. "नाना, तुमच्या मशीनमधलं पुसाल ना?" नानांनी तिच्या देखत पुसलं. म्हणाले, "बघ. गेलं." तिनं हात जोडले. बालवाडीत शिकवायला लागली. पोरं तिच्या पदराला धरून गाणी म्हणायची. आईला वाटलं, सुटलो एकदाचे.

मंडळी, इथंच आख्यान संपलं असतं तर काय बिघडलं असतं?

काही वर्षांनी नानांनी नवा कॉम्प्युटर घेतला. जुन्याचं काय करायचं? ज्याच्यावर घर चाललं, मुलीचं लग्न झालं, दर खंडेनवमीला ज्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, तो भंगारात द्यायचा? मन धजेना. मग आपण काय करतो? जे टाकवत नाही आणि ठेवायला जागा नाही, ते देवाला देतो! जुनी घड्याळं, जुने पंखे – बघा, वर तुमच्याच डोक्यावर फिरतोय एक, कुरकुरत. नाना म्हणाले, देवळाच्या ऑफिसात देऊ. पावत्या करायला होईल. देवाच्या दारी गेलेल्या वस्तूला कसली भीती?

दान द्यायचं म्हणून नानांनी तो स्वच्छ केला. कळफलकाची एकेक कळ कापसानं पुसली. पडदा लख्ख केला. आतलं सगळं कामही निवडून पुसलं, पडद्यावर तो कचऱ्याचा डबा असतो ना, तोही रिकामा केला. नारळ वाढवला, कुंकू लावलं, दिला.

आता लक्ष द्या. मला हे नंतर एका जाणत्या माणसानं समजावलं. तुम्ही कॉम्प्युटरला म्हणता "पूस", तेव्हा तो पुसत नाही. तो फक्त नाव काढून टाकतो. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली, धडे आतच! त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जुनं तसंच पडून असतं. खरं पुसायचं तर त्या सगळ्या डिस्कवर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कोरं लिहून काढावं लागतं. त्याचे प्रोग्राम असतात. नाहीतर डिस्क बाहेर काढून तिला भोकं पाडायची. नानांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. नाव गेलं, रूप राहिलं. मी जन्मभर हेच सांगत हिंडतो, पण ते असं समोर येईल असं नव्हतं वाटलं मला.

पुढं देवळाच्या कमिटीचे सेक्रेटरी, आप्पासाहेब ढोबळे, त्यांच्या हातून त्याच कॉम्प्युटरवरचे उत्सवाचे सगळे फोटो पुसले गेले. पालखीला खांदा दिलेला त्यांचा स्वतःचा फोटो त्यात! मग काय, शहरातून माणूस बोलावला. त्यानं गेलेलं वर काढणारा प्रोग्राम लावला. फोटो आले. आप्पासाहेब खूश. आणि फोटोंच्या मागोमाग नानांची सगळी कामं वर आली. त्या माणसानं सांगितलं, "हे जुन्या मालकाचं दिसतंय, काढून टाकू?"

आप्पासाहेब म्हणाले, "थांबा. बघू तरी काय आहे."

बघू तरी. बस, एवढे दोन शब्द.

मी तेव्हा त्याच गावात सप्ताहाला होतो. दुपारच्या प्रवचनाला माणसंच नाहीत! मला वाटलं, आपलं काही चुकलं. तर मंडळी सगळी ऑफिसात, एकमेकांच्या खांद्यावरून वाकून वाचतायत. कपाळाला गंध, गळ्यात माळ. पडद्यावर उज्ज्वलाचा अर्ज. एकानं मोबाइलवर त्याचा फोटो काढला. उन्हं कलायच्या आत तो अर्ध्या गावाच्या हातात होता.

कुणीतरी तो उज्ज्वलाच्या आईला वाचून दाखवला. "काळजीपोटी" म्हणे! आई लेकीला एवढंच म्हणाली, "मला का नाही सांगितलंस गं?" आणि भिंतीकडं तोंड करून निजली. बालवाडीत पोरं यायची थांबली. ज्यांनी केलं त्यांना कुणी काही विचारलं नाही. जिनं सोसलं, तिचीच पोरांना भीती!

उज्ज्वला नानांकडं गेली. ओरडली नाही. म्हणाली, "नाना, तुम्ही पुसलं होतं ना?"

"पुसलं होतं गं. तुझ्या देखत पुसलं होतं."

"मग आता पुन्हा पुसा."

नाना देवळात गेले. तो कॉम्प्युटर अंगणात आणला, खोलला, आतली डिस्क काढली आणि हातोडीनं ठेचली. ठेचत राहिले, ठेचत राहिले. लोक कडेनं उभे राहून बघत होते, आणि तेच सगळं त्यांच्या खिशात होतं.

मायलेकी गाव सोडून गेल्या. नानांनी त्यानंतर कुणाचं काही टाइप केलं नाही. कुणी जवळ येऊन बोलायला लागलं, की ते कानावर हात ठेवायचे. तसेच गेले.

आख्यानात या ठिकाणी देव धावून येतो. मृदुंगवाले बुवा केव्हाचे हात उचलून बसलेत. ठेवा बुवा, खाली ठेवा. इथं देव आला नाही. त्याच्याच ऑफिसात झालं हे, पाच पावलांवर गाभारा, आणि तो आला नाही. का आला नाही, ते मला माहीत नाही. मी फार विचारलंय त्याला.

आता तुम्ही. जुनं मशीन, जुना मोबाइल कुणाला देण्याआधी आतलं खरोखर नष्ट करा, नाहीतर देऊ नका. त्यात तुमचं एकट्याचं नसतं, तुमच्यावर विश्वास ठेवणाऱ्यांचं असतं. एवढं ऐकलंत तरी पुष्कळ. पण नाना भोळे होते म्हणून ती मुलगी उद्ध्वस्त झाली, असं समजून घरी जाऊ नका.

कारण मी सांगत असताना तुमच्या मनात एक प्रश्न आला. मला समोरून दिसत होता. "गाव कुठलं असेल? ती कोण असेल?" नावं मी बदललीत, तरी आत्ता पायऱ्या उतरताना तुमच्यातले दोघं-तिघं मला गाठतील आणि हळूच विचारतील, "महाराज, खरं नाव काय हो तिचं?"

आज जयघोष नको. मुकाट्यानं उठा, आणि बघा, विचारल्याशिवाय राहवतं का.