बसनं आलेला मामा

गोव्याचं विमान नको म्हणतोय म्हणून हसताय, पण आधी कारण तर ऐका.

भाचीचं लग्न वास्कोला होतं. सासरकडच्यांनी सांगितलेलं, "हॉल एअरपोर्टला लागूनच आहे." झालं! सगळं वऱ्हाड सोलापुरातनं बसनं निघालं, तर मी दाजींना म्हणालो, "घ्या हाडं खिळखिळी करून. मी उद्या विमानानं तासाभरात येतो."

अक्का एवढंच म्हणाली, "नवरीच्या पाठीशी मामानं उभं रहायचं असतंय. वेळेवर ये म्हंजे झालं."

तासाभरात उतरलो की! बाहेर टॅक्सीवाल्याला ऐटीत हॉलचं नाव सांगून विचारलं, "हितनं चालत जाता येईल न्हवं?"

तो बघतच राहिला. "साहेब, तो हॉल दुसऱ्या एअरपोर्टजवळ. गोव्यात दोन आहेत. हा उत्तरेच्या टोकाला, तो पार खाली."

टॅक्सीत अक्काचा फोन सारखा वाजत होता, पण उचलायचं धाडस होईना. काय सांगणार? गोव्यात पोचलोय, आता गोव्याला येतोय?

पोचलो तेव्हा अक्षता पडून पंगत बसलेली. दाजींनी नुसतं पंगतीतलं रिकामं पान दाखवलं. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मुहूर्त टळायला नको म्हणून नवरीच्या पाठीशी बसच्या ड्रायव्हरला उभं केलेलं.

परवा भाचीच्या घरी पाहुणे अल्बम बघत होते. एकानं विचारलं, "हे खाकी शर्टवाले कोण?"

मी शेजारीच बसलेलो. मान खाली घालून चहा फुंकत राहिलो.

भाची म्हणाली, "माझे मामा. बसनं आलेले."