झुंबरबाई मुकी नाही

आता विश्वास ठेवायचा तरी कुणावर, सांगा बघू? पुण्याहून आलेली राजेश्वरी नावाची पोरगी, बोलायला गोड, माझ्या दुकानात बसून दोन चहा प्याली आणि म्हणाली, काका, मावळातल्या लोकांनी आपापल्या मोबाईलवर काढलेलं चित्रण गोळा करतोय, सगळ्याची मिळून एक फिल्म जोडणार, तुमच्याकडे आहे का काही? कामशेतात तीस वर्षं भाताचा व्यापार केलेल्या माणसाकडे काय नसणार? पण तुम्हाला सांगतो, आमच्या धंद्यात आधी वानगी दाखवतात. मूठभर दाणे समोरच्याच्या तळहातावर टाकायचे, त्याने दाताखाली फोडून बघायचे, मग बोलणी. वानगी दिली म्हणजे पोतं विकलं असं होत नाही. तशी चाळीस सेकंदांची एक क्लिप मी दिली. वानगी म्हणून. त्यांच्या कागदावर तेव्हा मी सही केलेली नव्हती.

क्लिप कुणाची, तर आंदर मावळातल्या झुंबरबाईची. दरसाल भात मलाच घालते. गुडघाभर चिखलात वाकून लावणी चाललीय आणि तोंडाचा पट्टाही चालूच. ही बाई जीपमध्ये बसली की कामशेत येईपर्यंत ड्रायव्हरला हॉर्न वाजवावा लागत नाही, एवढं सांगितलं म्हणजे कळेल.

तर परवा लोणावळ्याच्या एका हॉलमध्ये कच्ची फिल्म दाखवायला आम्हा सगळ्या चित्रण देणाऱ्यांना बोलावलं. झुंबरबाईला मीच घेऊन गेलो. नवं लुगडं नेसून आलेली. आधी बेडशाच्या कुणाची तरी म्हैस हंबरली, मग परंदवडीच्या वरातीतला बेंजो वाजला, आणि मग आमची झुंबरबाई आली, आणि… आवाजच नाही! मागे बासरी. खाली अक्षरं, 'श्रमाची मूक देवता'. मूक? अहो, म्हशीचा आवाज ठेवला आणि बाईचा काढला?

झुंबरबाई माझ्याकडे वळली. "शेट, माजा आवाज कुटं गेला? आज मी बोलनार हाय म्हनून वाडीत सांगून आलीया."

रागाने म्हणाली असती तर परवडलं असतं. हळू म्हणाली हो.

मग मी काय ऐकतो? उठलो, दिवे लावायला लावले, म्हटलं ही बाई मुकी असेल तर मी इंग्लंडचा राजा, आवाज परत घाला नाहीतर क्लिप परत करा, मी सही केलेली नाही. लोक माना वळवून बघतायत, मागून कुणीतरी म्हणतंय आबा, बसा खाली. कशाला बसू? सही केलेली नाही!

राजेश्वरीने मला दाराशी नेलं. "काका, आवाज तुमच्यासाठीच काढला होता. एकदा ऐका तरी."

तिच्या मोबाईलची बोंडं कानात घातली. ऐकलं. चित्रण काढताना मी बांधावर तोल सावरत होतो, वारं सुटलेलं, त्यामुळे तेव्हा काही कळलं नव्हतं. आणि नंतर दुकानात गिऱ्हाइकासमोर क्लिप बघायची ती आवाज बंद करून.

"मग बासरी राहू दे?" पोरीने विचारलं.

खोटं कशाला सांगू, त्या घटकेला ती बासरी मला फार गोड वाटली. पण तिकडे झुंबरबाई पदर सारखा करून पुढ्यातल्या पडद्याकडे बघत बसलेली, आवाज येईल म्हणून. काय करता?

"लाव," म्हटलं.

आणि भरल्या हॉलमध्ये झुंबरबाई कडाडली, "ह्यो शेट बांधावर उभा ऱ्हाऊन फोटू काडतोय, पन माजं भात खडखडीत वाळल्यालं असलं तरी ओल हाय म्हनतो आन पोत्यामागं दोन किलो घट धरतो! ओल भातात न्हाई, ह्येच्या मनात हाय!"

टाळ्या किती पडल्या म्हणता. झुंबरबाई मांडीवर थाप मारून म्हणाली, "व्हय, ह्यो माजा आवाज."

मी सही केली. न करून सांगतो कुणाला? आता खांडीपासून टाकव्यापर्यंत जो येतो तो पोतं उतरवायच्या आधी विचारतो, शेट, आज ओल किती? घट धरणं बंद झालंय माझं. हसताय काय? उद्या तुम्हीही आपल्याच मोबाईलमध्ये सापडाल, म्हणून हात जोडून सांगतो, मापाचा हिशोब तेवढा चोख ठेवा.