बंडूच्या हातची पेस्ट

मी पौडचाच. आमचे अब्बा बाजारपेठेत बत्त्या आन् स्टोव्ह दुरुस्त करायचे, त्याच गाळ्यात मी आता कॉम्प्युटर दुरुस्त करतो, म्हंजे हात काळे व्हायचे ते करडे झाले, एवढीच काय ती प्रगती. पण काय सांगू तुमाला, हे दुकान माझं एकट्याचं नव्हतं. मी आन् चांदे गावचा बंडू, शाळेत एका बाकावर बसलेलो, दोघांनी मिळून टाकलेलं.

आता प्रोसेसर म्हंजे मशीनचं डोकं, ते लई तापतं, म्हणून त्याच्यावर पंख्याचा ठोकळा बसवत्यात आन् दोघांच्या मधी करडी पेस्ट लावत्यात, ताप वर जावा म्हणून. लावायची तुरीच्या डाळीएवढी. बंडू लावायचा पुरणपोळीवर तूप सोडल्यागत. मी म्हणायचो अरे पंगत बसलीय का, तर तो म्हणायचा रश्या, तू जन्माचा चिकट. दिवसभर आमचं हेच, गिऱ्हाइकं निस्ती ऐकायला थांबायची.

एकदा त्यानं थंड मशीनचा ठोकळा सरळ वर ओढला. जुनी पेस्ट वाळून सिमेंट झालेली, प्रोसेसरच उपटून आला, खालचे बारीक पाय वाकडे. हुतं हो असं, माझ्याकडनंबी झालंय. पण दुकान भरलेलं, आन् माझी ही जीभ, मी म्हणालो जमिनी विकून खाणाऱ्यांना हातचं काम काय कळणार. त्याच्या बापानं त्याच महिन्यात रान विकलं हुतं. बंडूनं हात पुसले, चप्पल घातली, गेला. आता महाळुंग्यात ऱ्हातो, बाराव्या मजल्यावर. नऊ वर्षं झाली.

आन् परवा त्याची बायको, सुनंदावहिनी, रिक्षातनं सीपीयूचा डबा घेऊन दारात. म्हणाली भावजी, मशीन तापून बंद पडतंय, हे म्हणाले कुटंबी दाव पण पौडला जायचं न्हाई, म्हणून सरळ पौडलाच आले.

डबा उघडला, तर ठोकळ्याच्या कडेनं पेस्ट ओघळून वाळलेली. तूपच! मी हसलो. आधी धा मिनिटं मशीन चालू ठेवून ऊब येऊ दिली, बंद केलं, ठोकळा जरा ह्या अंगाला, जरा त्या अंगाला पिळला, आला सुटून. प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडलं, कापसावर स्पिरिट घेतलं, आन् हात थांबला. वहिनी म्हणाली पुसा की भावजी, देवाचं गंध हाय का ते. पुसलं. प्रोसेसरवरची बारीक अक्षरं दिसाय लागली. नवी पेस्ट लावली, तुरीची डाळ.

काल वहिनीचा फोन. म्हणाली, ह्यांनी मशीनला कान लावला, इचारलं कुटं नेलतंस, मी म्हणाले हिंजवडीला, तर म्हणाले खोटं बोलू नको, हिंजवडीवाल्यानं नवंच घ्यायला लावलं असतं. मग डबा उघडून लई वेळ बघत बसले, म्हणाले कडेला एक थेंब न्हाई, रश्या अजून चिकटच हाय.

कालपासनं जेवण गोड लागतंय बघा. पण फोन त्यानं केला न्हाई, आन् माझंबी बोट त्याच्या नंबरावर जाऊन माघारी येतं. त्याचं मशीन लई वर्षं चालू दे. फकस्त मधनंमधनं तापू दे, आन् पुढच्या बारीला वहिनीचे हात दुखू दे, म्हंजे डबा उचलून त्यालाच यावं लागंल.