निळ्या पट्ट्याची घडी

नाई बाई, घडी बंद नोती पडली. तुमच्या मशीनचा काई दोष नाई. तुमी नागपूरवरून धावत दवाखान्यात आल्या, पहिले बसा तर खरं — माह्या दिव्यानीले आत्ताच रक्त लावलं, डोळा लागला तिचा. सिकलची पोट्टी हाय, रक्ताचाच आजार, उन्हात पडली, होते असं — तुमी काऊन सारखं विचारून राह्यल्या, ठोके चांगले कसे दिसत होते म्हनून? चांगलेच दिसन न. माहे ठोके चांगलेच हायत.

पाहा, निघालंच तोंडातून. व्हय, तिची घडी मीच घालून होती. तुमी सिकलवाल्या जवान पोरापोरीले ह्या घड्या वाटल्या, ठोके मोजते, झोप मोजते, तब्येत बिघडली का तुमाले आधीच समजते — चांगलं काम हाय, मी नाई म्हनत नाई. पन धानोऱ्याकडं निळा पट्टा दिसला का लोक समजून जाते, हिले सिकल हाय. अन् मुलचेऱ्याचे पाहुने पोरगी पाहाले येनार होते! कशी ठेवू तिच्या हातात? काढून ठेवली असती तर तुमचा फोन आला असता — दिव्यानी, घडी काऊन काढली? — पाहुन्याईच्या समोर. म्हनून मी बांधली, पदराखाली झाकली. एका दिवसासाठीच, बाई. मंग पसंती आली, पन त्याईची मावशी आमच्याच गावात राह्यते, म्हटलं लग्न लागेपर्यंत राहू दे. पोट्टी म्हने, माय, दे न घडी, कंबर दुखून राह्यली. मी म्हने, थोडी कळ काढ.

अन् वरून काय केलं? पोराच्या मायनं विचारलं, पोरगी कामाची हाय का? मी फुशारकीनं म्हटलं, दिवसभर जंगलात राबते. मंग त्या मावशीले दिसाले पायजे म्हनून पाठवा लागलं न तेंदूपान तोडाले — मे महिन्याच्या उन्हात! तुमीच सांगितलं होतं, ऊन टाळ, पानी पेत राह्य. ती तिथी झाडाखाली कन्हत पडली होती अन् मी घरी भात रांधत, माहे ठोके तुमाले पाठवून राह्यली होती — पोरगी मजेत हाय म्हनून. कोनाले फोन करान तुमी? मीच तोंड दाबलं तिचं. मायनं.

आज सकाळी तो मुलचेऱ्याचा पोरगा आला, धनराज. मी वार्डाच्या दारातच अडवला, म्हटलं काई नाई, जराशी चक्कर आली. तर म्हनते, मामी, सिकलचं मले मालूम हाय, पाहून गेलो त्याच दिवशी दिव्यानीनं फोनवर सांगितलं. मी माहंबी रक्त तपासून घेतलं, माह्यात नाई. असं म्हनून खाली रक्त द्याले गेला.

म्हंजे मी लपवलं कोनापासून, बाई? तुमच्यापासूनच न — जे तिले वाचवनार होते त्याईच्यापासून!

नाई, नका बोलू काई. पाठीवर हातबी नका ठेवू. जा तुमी आता. ती जागी झाली — माह्याकडं पाहून राह्यली.